कांदेवाल्याचा केक कोणाच्या नावे करावा

शुक्रवार, १५ मे १९९२
बेकरी, नान्त-ग्विन

श्री. पेनरी वकील यांस,

मृत्युपत्राचा छापील नमुना तुम्ही पाठवलात त्याला दोन हिवाळे उलटले. मी उत्तर लिहिले नाही, फोन केला नाही, आणि बाजारात तुम्ही समोरून येताना दिसलात की चीजवाल्याच्या दुकानात शिरत राहिले. गरज नसताना बरेच चीज खाल्ले गेले. या मौनाबद्दल मनापासून क्षमा मागते. कारण विचाराल तर भीती नव्हे. एका प्रश्नाचे उत्तर सापडत नव्हते आणि ते सापडेपर्यंत बाकीचे लिहिण्यात अर्थ वाटत नव्हता. उत्तर अजूनही सापडलेले नाही. पण सोमवारी लिव्हरपूलला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, “बहुतेक सगळे घरी परत जातात.” त्या ‘बहुतेक’साठी हे लिहिते आहे.

तुम्ही म्हणाला होतात की आपल्या शब्दांत लिहा, मी नंतर छाटून देईन. आता छाटायला वेळ नाही. तेव्हा कायद्याचे तेवढे कायदा म्हणून वाचावे आणि उरलेले गप्पा म्हणून.

मी, हेलेध माइर प्रोथेरो, वय सत्तेचाळीस, अविवाहित, धंदा पाव भाजणे, राहणार वेल्समधील नान्त-ग्विन येथील बेकरीच्या माडीवर, सांगते की हे माझे अखेरचे इच्छापत्र आहे. मी ते राजीखुशीने लिहिले आहे, कोणी माझा हात धरलेला नाही. मी पूर्ण शुद्धीत आहे असे लिहिण्याआधी थोडा वेळ थांबले, कारण शुद्धीत नसलेला माणूसही हेच लिहील. पुरावा म्हणून एवढेच सांगते की आज सकाळी सगळे पाव वेळेवर फुगले आणि एकही करपला नाही.

पहिले. याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द. असे एकच आहे. वयाच्या नवव्या वर्षी गोवर आला असताना मी माझा ससा धाकट्या भावाच्या नावे केला होता. मी बरी झाले, ससा गेला. तरी कागद कुठेतरी असेल, म्हणून रद्द करते.

दुसरे. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून श्री. पेनरी यांना नेमते. त्यांनी माझ्याकडून पाव घेणे कधी थांबवले नाही, मी तोंड चुकवत होते तेव्हासुद्धा. बायकोला पाठवून घेत राहिले.

तिसरे. बँकेत जे काही निघेल ते माझी भाची नॉन हिला. तिने ते शिक्षणावर घालवावे असे मी लिहिणार होते. पण माझ्या रसायनशास्त्राच्या पदवीचा उपयोग मी कशासाठी केला हे पुढे येईलच, तेव्हा अट घालत नाही.

तिचे वडील, म्हणजे माझा भाऊ इडवल, याला वडिलांची हार्मोनियम, बैठकीतले लाकडी सामान आणि माझी गाडी. इडवल चेस्टरला राहतो, घरे विकतो, आणि मनाने वाईट नाही. मंगळवारी त्याचा फोन आला होता.

“तायडे, तू काही मरणार नाहीस.”

“मीही तेच धरून चाललेय.”

“पण समजा, हं, नुसतं समजा. त्या भट्टीचं मी काय करू?”

“पाव भाज.”

“चेष्टा नको. खाली बेकरी काढली तर केवढी मोठी खोली निघेल माहितीये? सुट्टीतल्या पाहुण्यांना भाड्यानं देऊ, उन्हाळ्यात लोक नंबर लावतील. भट्टी तशीच ठेवू, शोभेला. आत दिवे सोडू.”

तो हे प्रेमाने म्हणाला. भट्टीत दिवे सोडले म्हणजे आपल्याला बरे वाटेल असे त्याला खरोखरच वाटत होते. मला मूलबाळ नाही, आईवडील गेले. मी काहीच लिहून ठेवले नाही तर कायद्याने सगळे इडवलचेच. म्हणून हा कागद.

चौथे. मागच्या शेडमधली काळी सायकल. ती माझी नाही, त्यामुळे देत नसून परत करते आहे. ती फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या रॉस्कॉफचे कांदेवाले यान-बेर यांची. ती त्यांची मुलगी सोआझिग हिच्याकडे पोचवावी.

यान-बेर दर उन्हाळ्याच्या शेवटी समुद्र ओलांडून यायचे. सायकलच्या दांड्याला गुलाबी कांद्यांच्या माळा लोंबत असायच्या आणि माणूस त्यांच्या आड दिसायचा नाही. ते आमच्या पिठाच्या माळ्यावर झोपत. ते ब्रिटनीची ब्रेटन भाषा बोलत, आजोबा वेल्श. दोन्ही भाषा चुलत बहिणींसारख्या, एकीचे हसणे दुसरीला कळावे इतपत. शनिवारी संध्याकाळी पाव निघाले की भट्टी निवत जायची. रविवारी देवाचा दिवस म्हणून आमच्याकडे ती पेटत नसे. ती निवती भट्टी यान-बेर मागून घेत आणि बायकोच्या माहेरचा केक करत. पावाचेच पीठ लाटायचे, त्यावर खारे लोणी आणि साखर पसरायची, पाकिटासारखी घडी घालायची, पुन्हा लाटायचे, पुन्हा घडी. भाजला की आत पदर सुटतात आणि बाहेर साखरेचे तांबूस कवच चढते. पहिल्यांदा लोण्याचा गोळा बघून आजी दारातूनच म्हणाली होती, “हा माणूस कांदे विकतो ते बरोबरच आहे. या केकनं घर कधीच बुडालं असेल.” मग तिने एक तुकडा खाल्ला. मग दुसराही घेतला.

माझे कॉलेज संपले त्या वर्षी यान-बेर जाताना सायकल ठेवून गेले. गुडघे दुखतात, पुढल्या वर्षी बघू, म्हणाले. पुढल्या वर्षी आले नाहीत.

पाचवे. आता तो प्रश्न. हा केक मला कोणाच्या नावे करता येतो का? आपले नसलेले देता येत नाही, एवढा कायदा मलाही कळतो. मग तो माझा आहे का?

वडिलांना पिठाच्या धुळीने दम्याचा त्रास सुरू झाला तेव्हा मी बेकरी घेतली. कांदेवाल्याचा केक करून बघायचा हे डोक्यात होतेच, पण तो इथल्याच वस्तूंचा करायचा असे मी ठरवले. का ठरवले ते नीट सांगता येत नाही. देशाभिमान म्हणावे तर मी ती माणसे नव्हे. बहुधा कुतूहल: तीच घडी, पण गवत दुसरे, पाऊस दुसरा, गहू दुसरा. काय होईल?

बरेच काही झाले. आमच्या खोऱ्यातला गहू पावसात वाढतो, त्याच्या पिठाला ताण सोसत नाही. लाटले की फाटायचे. साखरेऐवजी डोंगरावरच्या झुडपांचा मध घातला तर भट्टीच्या तळाशी डांबर जमले आणि दोन दिवस पावाला त्याचा वास आला. ऑगस्टमध्ये डोंगरावर मिळणारी बारकी जांभळी फळे ओली घातली तेव्हा त्यांच्या रसाने पदर चिकटून बसले. ती वाळवून घातली तेव्हा जमले. पिठात पाण्याऐवजी ताक घातले आणि पीठ अचानक शहाणे झाले. फाटणे थांबले.

सगळ्यात मोठी चूक लोण्याची केली. फ्रेंच पाकशास्त्राच्या जाड पुस्तकात लिहिले होते की पदरांच्या कामाला बिनमिठाचे लोणी घ्यावे. आमच्याकडे बिनमिठाचे लोणी कोण करतो? टिकावे म्हणून मूठमूठ मीठ घालतात. मी पदवीधर, मी ते लोणी ओढ्याच्या गार पाण्यात मळून मळून मीठ धुऊन काढले. केकची लापशी झाली. पुन्हा धुतले, पुन्हा लापशी. एक हिवाळा गेला तेव्हा लक्षात आले की मीठ लोण्यातले पाणी बाहेर काढत होते आणि मी मीठ काढून पाणी आत घालत होते. खारे लोणी होते तसेच वापरले. पदर सुटले. यान-बेर खारेच वापरत होते, हे मी डोळ्यांनी पाहिलेले होते. पण पाहिलेल्यापेक्षा छापलेले खरे वाटले.

ते लोणी हाफोद फार्मच्या कारॉन एलिसचे. कारॉन माझ्या वर्गातली. आम्ही एका बाकावर बसलो, एकाच दिवशी शाळेतून काढल्या गेलो आणि एकाच दिवशी परत घेतल्या गेलो. तिच्या लोण्याच्या वडीवर तिच्या आईच्या लाकडी साच्यातला बगळा उमटलेला असतो.

गेल्या ऑगस्टमध्ये गावच्या कृषी प्रदर्शनात मी तो केक स्पर्धेला ठेवला. वर्ग होता, ‘वेल्श केक, पारंपरिक’. हे कारॉननेच सुचवले होते. केकसोबत कार्ड लिहायचे असते. मी लिहिले: ‘ब्रेटन घडीचा केक. पीठ, ताक, लोणी, फळे याच खोऱ्यातली.’ परीक्षक म्हणून दुसऱ्या गावच्या एक बाई होत्या. त्यांनी एक तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला, मग चष्मा लावून कार्ड वाचले आणि त्यावर लिहिले: ‘वर्गाबाहेर’.

“वर्गाबाहेर?” कारॉन तंबूतच ओरडली. “माझं लोणी वर्गाबाहेर? सात पिढ्या हाफोदवर गायी आहेत आमच्या!”

“लोणी नाही गं, घडी.”

“घडी कोणाला दिसत होती? तू लिहिलीस म्हणून दिसली! खरं बोलायची एवढी खाज होती तर नुसतं ‘केक’ लिहायचं. तेही खरंच होतं की.”

“पण ज्याने शिकवलं त्याचं नाव...”

“शिकवलं त्याचं नाव, आणि जिनं पहाटे उठून गायी पिळल्या तिचं?”

त्या दिवसापासून कारॉन माझ्याशी बोलत नाही. लोणी मात्र बंद केले नाही. दर मंगळवारी आणि शुक्रवारी खिडकीत ओल्या फडक्यात गुंडाळलेले लोणी येते, आधीचे फडके धुऊन मी तिथे ठेवते, ते जाते. चर्चमध्ये ती माझ्या पुढच्या बाकावर बसते. तिची मान मला पाठ झाली आहे.

तीन वर्षांपूर्वी सोआझिग आली होती, वडील कुठे झोपायचे ते बघायला. माळा बघून झाल्यावर मी तिला केक दिला, सायकल द्यायची मात्र राहून गेली. तिने सावकाश खाल्ला. “फार छान आहे,” म्हणाली. “पण हा आमचा नाही. ताक? ताक कोण घालतं?”

म्हणजे ब्रेटन म्हणतात आमचा नाही आणि वेल्श म्हणतात आमचा नाही. दोन घरांनी नाकारलेली वस्तू जो सांभाळतो त्याची होते का? सायकलीच्या बाबतीत मी ‘नाही’ म्हटले आहे. केकच्या बाबतीत ‘हो’ म्हणावेसे वाटते. हा पक्षपात आहे की फरक खरा आहे, हे श्री. पेनरी, तुम्ही सांगू शकलात तर बरे होईल.

सहावे. अंत्यविधी. चर्चमागच्या खोलीत नेहमीप्रमाणे चहा व्हावा. हॅम, लोणी लावलेला मनुकांचा पाव, सगळे रीतीप्रमाणे. पण त्याबरोबर हा केकही द्यावा. याला मेन्ना आंटी यांचा विरोध आहे. गावातले दफनानंतरचे सगळे चहा गेली तीस वर्षे त्याच बघतात. परवा मी सहज विषय काढला.

“मयताच्या चहाला पदराचं काही ठेवत नाहीत,” त्या म्हणाल्या.

“का हो?”

“चुरा पडतो. काळ्या कपड्यांवर दिसतो. लोक रडायचं सोडून झटकत बसतात.”

हे खरे आहे, आणि इतकी वर्षे पदर मोजूनही मला सुचले नव्हते. तरी केक ठेवावा. तुकडे पातळ कापावेत, नाहीतर एका अंत्ययात्रेच्या दोन होतील. खाऊन झाल्यावर सर्वांनी बाहेर जाऊन कपडे झटकावेत. चिमण्यांचेही भागेल. मेन्ना आंटी यांना माझी मोठी चहाची किटली द्यावी. त्या ती दर वेळी मागून नेतात आणि परत आणताना आमच्याकडे अशी नाही म्हणतात.

सातवे. बेकरी, भट्टी, परात, फळ्या, लाटणी, पिठाचा माळा आणि वरचे घर. हे सर्व मी

इथे पेन थांबले. मी काय लिहिणार होते ते मला माहीत होते. जिला द्यायचे तिला विचारलेले नव्हते आणि विचारण्याची सोय नव्हती. तिने नको म्हटले तर सगळे इडवलकडे, म्हणजे भट्टीत दिवे. तेवढ्यात खिडकीशी लोणी ठेवल्याचा आवाज आला. मग दार वाजले. नऊ महिन्यांत ते दार या वेळेला वाजले नव्हते. पुढे जे झाले ते इथेच लिहिते, कारण सातवे कलम त्यातून ठरले.

कारॉन उंबऱ्यातच उभी राहिली. “लोणी बदललंय,” ती म्हणाली.

मी पेन खाली ठेवले.

“गायी नव्या गवतावर सोडल्यात. लोणी पिवळं आलंय आणि मऊ. यंदा गवतच असलं आहे. तुझ्या त्या घड्यांना चालेल की नाही, मला माहीत नाही. सांगायला आले, बोलायला नाही.”

“बस ना.”

“बसायला पण नाही आले,” असे म्हणून ती पिठाच्या पोत्यावर बसली. “काय लिहितेयस?”

“मृत्युपत्र.”

ती भट्टीकडे बघत राहिली. “सोमवारी आहे ना? पोस्टातल्या माइरनं सांगितलं. तू नाही सांगितलंस.”

“आपण बोलत नाही.”

“म्हणून काय झालं? न बोलता सांगता येत नाही का? फडक्यात चिठ्ठी घालायची.” मग म्हणाली, “साक्षीदार लागत असतील ना? आण इकडे, करते सही. सही केली की जाते.”

“तुला नाही चालणार.”

“का? बोलत नाही म्हणून माझी सही पण खोटी?”

“तसं नाही गं. कायदाच तसा आहे.”

“कसला कायदा? हाफोदवाल्यांनी सही करू नये असा?”

“मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं त्यानं साक्ष केली, तर त्याला ठेवलेलं त्याला मिळत नाही.”

हे तिच्या डोक्यात उतरताना मी बघत होते. गाय वासराकडे मान वळवते तशी तिने मान वळवली.

“मला काय ठेवलंयस? लोण्याची फडकी?”

“बेकरी.”

“कुठली?”

“गावात किती आहेत?”

ती उठली आणि परत बसली. पोत्यातून पिठाचा फवारा उडाला. “डोक्याचं पण ऑपरेशन करून घे. अगं चाळीस गायी आहेत मला! नवरा धरला तर एक्केचाळीस. इडवलला दे ना.”

“तो भट्टीत दिवे सोडणार आहे.”

“सोडू दे. तुला तेव्हा काय कळणार आहे?”

हा प्रश्न प्रामाणिक होता आणि मी दोन वर्षे स्वतःला तोच विचारत आले आहे. मी नसताना भट्टी गार पडली किंवा नाही, माझे काय जाते?  जे तोंडात आले ते म्हणाले.

“मला नाही कळणार. पण या मऊ लोण्याचं काय होतं, ते कोणाला तरी कळायला हवं.”

कारॉनने खिडकीतली वडी आणली, फडके उघडले. लोणी खरेच हळदीसारखे पिवळे होते. बगळ्याची चोच थोडी वितळलेली. आम्ही दोघींनी एकेक बोट लावून चाखले. गवताचा वास होता.

“थंडीतल्या लोण्यापेक्षा गोड आहे,” मी म्हणाले. “पण पदर धरेल का, शंका आहे.”

“पीठ आधी गार करून ठेवलं तर?”

“करून बघायला हवं.”

“कार्डावर काय लिहायचं?” तिने एकदम विचारले. “मी ब्रेटन नाही लिहिणार. आत्ताच सांगते.”

“नको लिहूस.”

“आं? मग प्रदर्शनात का लिहिलंस?”

“तेव्हा मी लिहीत होते. आता तू लिहिणार.”

“हे ऑगस्टमध्ये म्हणाली असतीस तर एवढे महिने वाचले असते.”

“ऑगस्टमध्ये मी मरत नव्हते.”

“आत्ता पण मरत नाहीस. उगाच भाव खाऊ नकोस.” ती वडी पुन्हा गुंडाळू लागली, गाठ नीट बसेना. “कोणी विचारलं तर सांगेन, कांदेवाल्याकडून आला म्हणून. मला खोटं नाही बोलता येत. पण विचारल्याशिवाय नाही सांगणार. चालेल?”

मी विचार केला. जो विचारेल त्याला खरे कळेल, जो विचारणार नाही त्याला केक मिळेल. यात कोणाची फसवणूक होते असे मला दाखवता येईना.

“चालेल.”

“आणि मेलेल्या माणसाकडून फुकटात घ्यायची नाही मी. मृत्युपत्र वाचून कोणाला घडी येते? यायचंच असेल तर जिवंतपणी शिकव. उद्या दूध काढून झालं की येते.”

“उद्या शनिवार आहे.”

“मग? भट्टी निवती मिळेल. तुझा तो यान-बेर शनिवारीच करायचा ना?”

तिला हे आठवत होते.  उठताना तिने मला हात दिला, की मी तिचा हात धरला, ते आठवत नाही. पण तो हात भाजलेल्या पावासारखा तापलेला होता.

“कारॉन, तुझे हात किती गरम आहेत गं!”

“आई पण हेच ओरडायची. म्हणून तर लोण्याला लाकडी फळ्या वापरते, हात लावत नाही.”

“घडीला फळ्या नाही चालत. बोटंच लागतात.”

“मग?”

“मग माहीत नाही. गरम हातांचा माणूस आणि मऊ लोणी एकत्र कधी करून बघितलं नाही.”

ती हसली. दारातून म्हणाली, “बघ, तुलाच जास्त घाई झालीये मला शिकवायची.” ते खरे होते.

तेव्हा सातवे, पुन्हा. बेकरी, भट्टी, परात, फळ्या, लाटणी, पिठाचा माळा आणि वरचे घर मी हाफोद फार्मच्या कारॉन एलिस हिच्या नावे करते. आठवड्यातून निदान शनिवारी तरी भट्टी पेटावी. पाव कोणाकडून भाजून घ्यायचे हे तिने ठरवावे, नवरा चालेल. केकचे नाव मी या कागदाने बांधून ठेवत नाही. कोणी मनापासून विचारले तर तो कसा आला ते खरे सांगावे. तिने वर्षभर प्रयत्न करून मग नको म्हटले, तर बेकरी इडवलला जावी. त्याने दिवे सोडावेत, माझी तक्रार नाही.

केक माझा होता का, या प्रश्नाचे उत्तर मी देत नाही. जे हातात होते ते दुसऱ्या हातात जावे असे लिहिते. हाताला काय म्हणायचे, स्थावर की जंगम, ते श्री. पेनरी ठरवतील.

आठवे. मी लिव्हरपूलहून परत आले तर वरीलपैकी काहीही लागू नाही. मात्र कारॉनने शनिवारी येत राहावे, हे लागू.

साक्षीबद्दल. संध्याकाळी रेव्हरंड ट्रेबोर ह्यूज आणि पोस्टातल्या माइर यांना बोलावले. रेव्हरंडनी सही करण्याआधी विचारले की चर्चमधल्या चहाचा उल्लेख आहे, तर ते लाभार्थी ठरतात का. एक कप चहा आणि केकचा तुकडा याला कायदा लाभ मानत नसावा, असे आम्ही तिघांनी मिळून ठरवले. माइरने विचारले, “मला काहीच ठेवलं नाहीस ना?”

“नाही.”

“म्हणजे मी आता खूश व्हायचं की रुसायचं?”

“आधी सही कर, मग रूस.”

तिने सही केली, मग ताज्या पावाचा कडेचा तुकडा मोडून घेतला आणि म्हणाली, हा कायद्याबाहेरचा.

वरील सर्व मी वाचून दाखवले. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी माझ्यासमोर हजर होते, मी त्यांच्यासमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर. पहिल्या पानावर लोण्याचा एक डाग आहे. तो माझा आहे, त्याने मजकूर बदललेला नाही.

सही: हेलेध माइर प्रोथेरो

साक्षीदार: ट्रेबोर ह्यूज, धर्मोपदेशक, नान्त-ग्विन
साक्षीदार: माइर ओवेन, पोस्ट ऑफिस, नान्त-ग्विन

स्थळ: बेकरी, नान्त-ग्विन
दिनांक: १५ मे १९९२

उद्या: घडी घालायच्या आधी कारॉनचे दोन्ही हात ओढ्यात मनगटापर्यंत बुडवून गार करून घेणे.